कान पाण्यात, नाक बाहेर

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. सहा वर्षांची माझी भाची होडीतल्या फळीवर बसली आहे आणि तिच्या अंगात मोठ्या माणसाचं नारिंगी लाइफ जॅकेट आहे. जॅकेट गुडघ्यांपर्यंत आलंय. कॉलरवर हनुवटी टेकवून ती हसतेय, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा बदामांचा नुसता पाऊस पडला. ‘कासवाचं पिल्लू’ असंही कुणीतरी लिहिलं. फोटो काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते पिल्लू पाण्यात पडलं.

झालं ते एवढंच. फेरी संपवून होडी धक्क्याला लागत होती. उतरायची घाई सगळ्याच मुलांना असते तशी तिलाही होती, होडी थांबायच्या आतच ती उठून उभी राहिली. मी ‘बस खाली’ म्हणेपर्यंत होडी धक्क्याला हलकीशी टेकली आणि ही डोक्याकडून बाहेर गेली. पाणी माझ्या छातीएवढं असेल. त्यामुळे, आणि अंगात जॅकेट होतं त्यामुळे, पहिला क्षणभर मी घाबरलोसुद्धा नाही. म्हटलं, येईल वर.

वर आलं ते जॅकेट.

ते मजेत तरंगत होतं. भाची त्याच्या आतून खाली घसरली होती. फ्रॉक डोक्यावरून काढताना होतात तसे तिचे दोन्ही हात वर झाले होते आणि नारिंगी कॉलरच्या मधोमध मला फक्त तिचे केस दिसत होते, केसांना लावलेली एक पिवळी क्लिप दिसत होती. नावाड्याने होडीत आडवं पडून तिचं मनगट धरलं आणि तिला ओढून घेतलं. सगळा मिळून पाच-सहा सेकंदांचा खेळ. ती खोकली, रडली आणि मग रडणं मधेच थांबवून तिने विचारलं, ‘‘मामा, माझी चप्पल?’’ चप्पल जॅकेटच्या शेजारीच तरंगत होती.

ताई काठावर उभी होती, तिने सगळं पाहिलं. तेव्हा काही बोलली नाही. रात्री पोरगी झोपल्यावर म्हणाली, ‘‘अरे, तुझ्या भरवशावर बसवली होती मी तिला.’’

‘‘जॅकेट घातलं होतं की ताई!’’ मी म्हणालो.

हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं, जॅकेट घातलेलंच होतं. घातलं कुणी, तर मी. होडीत शिरताना कोपऱ्यातल्या ढिगातून वरचं पहिलं उचललं, तिच्या डोक्यातून घातलं, समोरचा पट्टा ओढला. बक्कल तुटलेलं होतं म्हणून पट्ट्याची गाठ मारली. आणि लगेच फोटो काढला. नियम पाळल्याचं समाधान आणि एक गोड फोटो, दोन्ही एका फटक्यात.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी लाइफ जॅकेट या प्रकाराच्या जरा जास्तच मागे लागलोय. धक्क्यावर उभ्या असलेल्या अनोळखी पोरांकडे मी टक लावून बघतो, त्यांचे आईबाप माझ्याकडे संशयाने बघतात.

आधी मला कळत नव्हतं ते हे, की एवढं फुगीर जॅकेट असून पोर खाली गेलंच कसं. उत्तर सोपं निघालं. माणसाचं शरीर मुळात पाण्यापेक्षा फारसं जड नसतं. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक जण जेमतेम का होईना, तरंगतात. जे पाण्यात आहे त्याचा भार पाणीच उचलतं. भार होतो तो आपण पाण्याबाहेर धरू पाहतो त्या भागाचा, म्हणजे डोक्याचा. म्हणून बहुतेक मोठ्या माणसांना वरून फक्त तीन ते साडेपाच किलोंचा उचल मिळाला तरी नाक-तोंड पाण्याबाहेर राहतं. मुलांना त्याहून कमी पुरतो. तेव्हा तरंगणारं काहीतरी अंगावर असणं ही काही मोठी बाब नाही, भोपळाही तरंगतो. खरी करामत आहे ती तो उचल योग्य जागी धरून ठेवण्याची. पाणी जॅकेटला वर ढकलतं, वजन शरीराला खाली ओढतं, आणि दोघांना एकमेकांशी बांधणारं काही नसेल तर दोघं आपापल्या वाटेने जातात. मोठ्या माणसाला निदान रुंद खांदे असतात, जॅकेट काखेत अडकतं. सहा वर्षांच्या मुलाचे खांदे उतरते, छाती आणि कंबर एकाच मापाची. अडकायचं कशाला? भर म्हणजे घाबरलेलं मूल हात वर करतं. मग तर वाट मोकळीच.

त्यात मुलांचं डोकं मोठं. जन्माला आलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा. वय वाढतं तसं हे प्रमाण बदलत जातं, पण लहानपणी तोल वरच राहतो. म्हणून लहान मुलं काठावरून वाकली की पाय घसरून पडत नाहीत, डोक्यावर पडतात. आणि पाण्यात पडल्यावर पालथी होतात. मोठ्या माणसाला नीट उताणं करणारं जॅकेट मुलाला तसंच उताणं करील असं नाही.

म्हणून मुलांच्या जॅकेटला अशा काही गोष्टी असतात, ज्या त्या ढिगातल्या एकाही जॅकेटला नव्हत्या. मानेमागे मोठी, फोम भरलेली कॉलर, जी डोक्याला उशीसारखी लागते आणि तोंड आभाळाकडे वळवते. त्या कॉलरला वरून एक मजबूत पट्टी शिवलेली असते, बादलीच्या कडीसारखी, म्हणजे होडीतल्या माणसाला मूल एका हाताने उचलता यावं. (नावाड्याला मनगट शोधावं लागलं ते ही कडी नव्हती म्हणून.) आणि तिसरा, दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा. हा पट्टा मुलांना मुळीच आवडत नाही. तो काचतो, शू करायची तर सोडावा लागतो, म्हणून मोठी माणसंच ‘राहू दे’ म्हणतात आणि तो मागे शेपटीसारखा लोंबत राहतो. पण पाण्यात जॅकेटला वर जाऊ न देणारा तोच.

माप वयावर नसतं, वजनावर असतं. आतल्या लेबलवर ते लिहिलेलं असतं. अमेरिकी मापांमध्ये मुलांचे तीन टप्पे आहेत: साधारण १४ किलोपर्यंत, १४ ते २३ आणि २३ ते ४१. लेबलवर कुठे न्यूटनमध्ये आकडा दिसतो, तो वर उचलणाऱ्या जोराचा. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा उचल. मोठ्यांच्या मापात ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी असतं, मदत जवळ असेल तेव्हाचं. बेशुद्ध माणसाला ते उताणं करील याची हमी नाही. ती अपेक्षा १०० पासून पुढे, आणि १५० चं खुल्या समुद्रासाठी. मुलांच्या जॅकेटवर हे आकडे वजनाप्रमाणे लहान असतात, म्हणून आकडा कमी दिसला की माल हलका असं समजायचं कारण नाही. आपोआप हवा भरणारी सडपातळ जॅकेटं दिसायला छान, पण अमेरिकेत ती १६ वर्षांखालच्यांसाठी मान्य नाहीत. मुलांसाठी आपलं फोमचंच बरं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

आणि दंडावर चढवायचे फुगे, बदकाच्या तोंडाची ट्यूब वगैरे ही खेळणी आहेत. होडीत त्यांचं काम नाही. याच्यावर मी अधिक लिहीत नाही, लिहिलं की माझा आवाज चढतो.

कपडे घेताना आपल्या तोंडात एक शब्द पक्का बसलेला असतो: वाढत्या अंगाचं. शर्ट वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबून. त्यात काटकसर आहे, माया आहे, उद्याचा विचार आहे. ताईनेही नंतर जॅकेट विकत घ्यायला गेल्यावर तेच म्हटलं, ‘‘वरचं माप घे, दोन वर्षं जाईल.’’ दुकानातल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, भाचीला दोन्ही हात सरळ वर करायला सांगितले आणि खांद्यांपाशी दोन्हीकडून धरून जॅकेट वर ओढलं. भाचीचे कान आणि नाक दोन्ही आत गेले. आतून खिदळण्याचा आवाज आला. मग खालच्या मापाचं घालून तसंच ओढलं. ते बोटभर सरकलं आणि हनुवटीच्या खाली थांबलं. बाई काही बोलल्या नाहीत, ताईही बोलली नाही. खालचं माप घेतलं.

ही हात वर करण्याची परीक्षा पाच सेकंदांची आहे. त्या दिवशी होडीत मी फोटो काढायला याहून जास्त वेळ घेतला होता.

‘घातलं होतं की’ हे वाक्य इतिहासात माझ्याआधी अनेकांनी म्हटलेलं आहे, हे वाचताना कळलं. १५ जून १९०४ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जनरल स्लोकम नावाच्या वाफेच्या बोटीला आग लागली. चर्चची सहल होती, बोटीवर मुख्यतः बायका आणि मुलं. लाइफ जॅकेटं हवी तेवढी होती, छताला टांगलेली. पण बोट १८९१ ची, आणि जॅकेटांमधल्या कॉर्कचा इतक्या वर्षांत भुगा झालेला. आयांनी ती मुलांना बांधली आणि मुलांना पाण्यात सोडलं. मुलं बुडाली. त्या दिवशी हजारावर माणसं गेली. त्याच प्रकरणानंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. नियमात जॅकेटमध्ये किती वजनाचा कॉर्क हवा ते लिहिलेलं होतं, तर एका कारखान्यातल्या मालात कॉर्कच्या ठोकळ्यांच्या पोटात लोखंडाच्या कांड्या सापडल्या. वजन भरायला! कागदावर जॅकेट पूर्ण वजनाचं. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

कॉर्कची बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जीवरक्षक होड्यांच्या संस्थेतल्या कॅप्टन वॉर्ड या अधिकाऱ्याने कॉर्कच्या पट्ट्या शिवलेलं जॅकेट तयार केलं. फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हिटबीच्या किनाऱ्यावर वादळात जीवरक्षक होडी उलटली. १३ जणांपैकी १२ गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, त्यांच्यातला एकटा, ज्याने हे नवं जॅकेट घातलं होतं. पुढे कॉर्कची जागा पांढऱ्या सावरीच्या बोंडांतल्या कापसाने घेतली. तो हलका आणि मेणचट, पण वेष्टनाला भोक पडलं की पाणी पिणारा. मग आला फोम. फोम सडत नाही हे खरं, पण दबतो. होडीत लोक जॅकेटांवर बसतात, गुडघे टेकतात, वर नांगर ठेवतात. दबलेल्या फोममध्ये हवा कमी आणि हवा कमी म्हणजे उचल कमी. उन्हाने कापड विटतं, शिवण कुजते. जॅकेटचा रंग पार उडालेला असेल तर मी हल्ली शिवणीला नख लावून बघतो. एकदा नख आरपार गेलं. नावाडी म्हणाला, ‘‘साहेब, फाडू नका.’’

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे एडगर पास्क. हे भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेले वैमानिक जॅकेट घालूनही बुडत होते, कारण ते बेशुद्ध असत आणि जॅकेट त्यांना पालथंच तरंगवत असे. शुद्धीवरच्या माणसाने बेशुद्धीचं नाटक करून जॅकेट तपासता येत नाही. नाकात पाणी गेलं की नाटक संपतं. तेव्हा पास्क यांनी स्वतःला भूल द्यायला लावली आणि त्या अवस्थेत, श्वासनलिकेत नळी घालून, सहकाऱ्यांनी त्यांना तलावात सोडलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. वेगवेगळी जॅकेटं घालून. जॅकेट बरं की वाईट हे ठरायचं ते या माणसाचं तोंड वर आलं की नाही यावरून.

मी याच्यावर बराच विचार केला. आपण जॅकेट घालतो ते आपण हातपाय मारत असताना मदत व्हावी म्हणून, असं आपल्याला वाटतं. पास्क यांनी ते तपासलं, जेव्हा आपण काहीच करत नसू तेव्हासाठी. डोक्याला होडीची कड लागली, थंड पाण्याने दम कोंडला, भीतीने गात्रं गळाली, तेव्हासाठी. लहान मूल पाण्यात पडतं ते तर जवळपास याच अवस्थेत पडतं. त्याला काही करता येणार नाही हे धरूनच चालावं लागतं.

भाची आता नऊ वर्षांची आहे आणि चांगली पोहते. त्यामुळे नवा वाद निघालाय. ‘‘मला येतं पोहायला, मग कशाला?’’ तिला पाठिंबा द्यायला घरातले दोन-तीन पुरुष असतात, ज्यांनी स्वतः आयुष्यात जॅकेट घातलेलं नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२२ च्या नोंदींनुसार हौशी बोटींच्या अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्यांतल्या अनेकांना पोहता येत असणार. बहुतेकांच्या बोटीत जॅकेट कुठेतरी बाकाखाली असेलही. त्या देशात २००२ पासून नियम आहे की चालत्या हौशी बोटीवर उघड्यावर असलेल्या १३ वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जॅकेट हवं, नुसतं बोटीत असून चालत नाही. मला या नियमातला ‘अंगात’ हा भाग फार आवडतो. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालून बघा कधी, उथळ तलावात, मजा म्हणून. मी बघितलंय. एक हात आत जातो, दुसरा जात नाही, जॅकेट पुढे पळतं आणि तोंडात पाणी जातं. आणि मी तेव्हा घाबरलेला नव्हतो.

पण घरातला सगळ्यात चिवट युक्तिवाद पोहण्याचा नाही. तो आहे ‘आम्ही आहोत ना बघायला’. हा मी स्वतःही वापरलाय. होडीत चार मोठी माणसं आणि एक मूल असलं की प्रत्येकाला वाटतं उरलेले तिघं बघतायत. त्यातून बुडणं हे आपण समजतो तसं दिसत नाही. हाका नाहीत, पाण्याची उडवाउडवी नाही. फ्रँक पिया या जीवरक्षकाने १९७० च्या दशकात बुडणाऱ्यांच्या हालचालींचं चित्रीकरण करून ते नोंदवलं: माणूस उभा असल्यासारखा पाण्यात असतो, हात बाजूंना पाण्यावर दाबत राहतो, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? आणि हे सगळं २० ते ६० सेकंद, मुलांच्या बाबतीत त्यातला लहान आकडा. माझी भाची त्या दिवशी पाण्यात होती तेव्हा एवढा आवाज कुणाचा असेल तर माझा. तिचा काहीच नव्हता.

जॅकेट विकत घेतल्यावर आम्ही ते तलावात नेऊन बघितलं. पहिल्यांदा फजिती झाली. भाची पाण्यात उतरली, जॅकेटने तिला मागे झुकवलं, तिला वाटलं आपण पडतोय. ती उलटी वळायला धडपडली, किंचाळली आणि शिडीला अशी चिकटली की सोडवेना. चूक माझी. गादीवर पडल्यासारखं पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, जॅकेट कसं ओढतं ते आधी सांगायचं, यातलं मी काहीच तिला सांगितलं नव्हतं. वर ‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ असा जप लावला होता, त्याने कुणी आजवर घाबरायचं थांबलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई तिच्याबरोबर स्वतः जॅकेट घालून उतरली. दोघी शेजारी शेजारी पडल्या. मग जमलं.

परवा तिचं वजन चोवीस भरलं, म्हणून पुढच्या मापाचं जॅकेट आलं. पुन्हा हात वर, पुन्हा खांद्यांपाशी ओढणं, पुन्हा तलाव. आता तिला सवय आहे. काठावरून मागे न बघता तिने स्वतःला पाण्यात सोडून दिलं, एक गिरकी घेतली आणि उताणी झाली. डोळे मिटलेले, पोटाशी घेतलेले गुडघे, कॉलरमुळे तोंड सरळ वर. मी काठावरून बघत होतो. मला वाटलं मांड्यांमधला पट्टा सैल आहे, म्हणून मी ओरडलो. ती हलली नाही. मी परत ओरडलो, नाव घेऊन. काहीच नाही. कठड्यावर बसलेला एक माणूस माझ्याकडे वळला, पण ती तशीच, संथ फिरत फिरत तलावाच्या मध्यावर चाललेली. पोटात गोळा आला. मी बूट काढायला वाकलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाणी तिच्या कानांच्या वर आहे. कान पूर्ण बुडालेले आणि नाक-तोंड चार बोटं बाहेर. जॅकेटने करायचं ते हेच होतं.

थोड्या वेळाने ती हात मारत काठाशी आली.

‘‘मामा, तू काही म्हणत होतास का?’’ तिने विचारलं. ‘‘मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त माझाच श्वास, मोठ्ठा.’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो, कॉलरची कडी धरून तिला वर घेतलं आणि तिच्या छातीवरचं बक्कल सोडवायला लागलो. नवं होतं, ओल्या बोटांना दाद देईना.